अस्सल राव

तिरुवल्लिकेणीत पार्थसारथीच्या देवळाच्या आसपास जी तंजावरी मराठी घरं आहेत, त्यांत घरटी एक राव असतो. तो बँकेतून निवृत्त होतो आणि दुसऱ्या दिवशी ओट्याशी रुजू होतो. पायक्रॉफ्ट्स रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून तो पाककृतींची पुस्तकं वजनावर आणल्यासारखी आणतो. सांबार आपल्याच पूर्वजांनी तंजावरात लावून दिलं, असं त्याचं ठाम मत असतं. पुरावा विचारू नये, वाढणं थांबतं. सरफोजी महाराजांच्या (राज्यकाळ 1798 ते 1832) मुदपाकखान्यात इंग्रजी पदार्थही होत. त्यामुळे परदेशी स्वयंपाक आपल्या रक्तातच आहे, अशी त्याची खात्री असते.

रावाने पाहुण्यांना ‘आशियाई जेवणा’चं आमंत्रण दिलं, की आपण चिनी-जपानीच्या तयारीने जातो. पण त्याचा आशिया बर्मा बझारात सुरू होतो. 1962 मध्ये ब्रह्मदेशात लष्कराने सत्ता घेतली, पुढच्या काही वर्षांत तिथले तमिळ मोठ्या संख्येने परतले आणि त्यांच्याबरोबर अत्तो मद्रासेत आला. जाडसर केशरी नूडल्स, कोबी, तळलेला कांदा-लसूण, चिंचेचं पाणी, तिखट, वर चुरलेला कुरकुरीत बेजो आणि हे सगळं कालवणारा गाडीवाल्याचा हात. सोबत केळीच्या गाभ्याचं गरम सूप. इतिहासाचा हा तास रावाकडे जेवणाआधी होतो, आणि पाहुण्यांना तो पंखा नसलेल्या पडवीत ऐकावा लागतो.

“अस्सल हवं!” ही त्याची घोषणा. मात्र अंडं त्याच्या घरात येत नाही, ते गेलं. ब्रह्मी लोक सुपात मासा घालतात. तो शब्द उच्चारताना राव देवघराचं दार लोटून घेतो. पाहुण्यांत एक आत्या कांदा-लसूण न खाणाऱ्या, म्हणून अत्तोचा जीव असलेलं ते लसणाचं तेलही गेलं. त्या जागी घाण्यावरचं तिळाचं तेल. ‘चीनमध्येसुद्धा तिळाचंच वापरतात,’ हे समर्थन. तिकडे तीळ आधी चांगले भाजून घेतात, हे आपण पोटातच ठेवायचं. शेवटी नूडल्सच्या पाकिटावरची बारीक अक्षरं भिंगातून वाचताना त्याला संशय येतो आणि तांदळाची शेवई घरीच पाडली जाते.

गाभ्याच्या बाबतीत मात्र राव खरा कलावंत, हे मान्य करायलाच हवं. झाम बझारमधून आणलेला गाभा तो सोलतो, चकत्या करतो, प्रत्येक चकतीमागे निघणारा तंतू तर्जनीवर गुंडाळत जातो आणि काळी पडू नये म्हणून ती लगेच ताकात सोडतो. बोटाला पांढऱ्या दोऱ्याचं रीळ चढतं. या अर्ध्या तासात तो एक शब्द बोलत नाही. घरातली मंडळी म्हणूनच त्याला गाभा वारंवार आणून देतात.

पानं मांडली जातात. प्रत्येक पानाशी चॉपस्टिक्सची जोडी. शेजारच्या काकू ती निरखून पाहतात आणि परकराची नाडी ओवायला बरी म्हणून पिशवीत टाकतात. राव दोन्ही हातांनी अत्तो कालवतो, गाडीवाल्याच्याच ऐटीत, फक्त आधी हात तीनदा धुऊन.

आत्या पहिला घास घेतात. चिंच, तिळाचं तेल, तिखट, शेवई. त्या क्षणभर डोळे मिटतात.

“अरे, ही तर पुळी सेवई! आई करायची. छान झाली आहे. फक्त मोहरी-हिंगाची फोडणी विसरलास.”

पंगत गप्प होते. राव आत्यांकडे बघतो, पातेल्याकडे बघतो, मग उठून कढलं गॅसवर ठेवतो. मोहरी तडतडेपर्यंत त्याचा विचार पक्का झालेला असतो.

“रंगूनला जुनी माणसं देत असतीलच,” तो म्हणतो आणि फोडणी ओततो.