स्वागताध्यक्ष, संदर्भासह

मीडियाविकी या मुक्त संगणकप्रणालीवर चालणाऱ्या आणि १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर, म्हणजे कोणालाही लिहिता-सुधारता येणाऱ्या ज्ञानकोशावर, स्वागताध्यक्ष हा नमुना हटकून भेटतो. साहित्य संमेलनाचा स्वागताध्यक्ष तीन दिवस मिरवून घरी जातो, हा मात्र बारा महिने दारातच उभा असतो. नवा सदस्य खाते उघडतो न उघडतो तोच त्याच्या चर्चापानावर तयार साच्यातले स्वागत येऊन पडते. त्यात सरावासाठी ‘धूळपाटी’, चर्चा-तक्रारींसाठी ‘चावडी’ आणि मदतपानांचे इतके दुवे असतात, की ते सगळे वाचून काढणाऱ्याला लिहिण्याची उमेदच उरू नये.

समजा, पांढुर्णा जिल्ह्यातल्या जामसांवलीच्या एखाद्या तरुणाने भीत भीत लिहिले, की गावच्या देवळातला मारुती उभा नसून निजलेला आहे. वाक्य उमटते न उमटते तोच त्याच्या शेपटाला चौकोनी कंसातले ‘संदर्भ हवा’ लटकते, कारण ज्ञानकोशात डोळ्यांनी पाहिलेले चालत नाही, विश्वासार्ह प्रकाशित आधार लागतो. मूर्ती पिंपळाखाली आहे म्हटले, संदर्भ हवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीबद्दल लिहिले, तरी संदर्भ हवा. मग लिहिणाऱ्याच्या कपाळावर टाक्यांची खूण का असेना. घरून ‘दूध उतू गेले’ अशी हाक आली तरी हा गृहस्थ आधी संदर्भ मागतो, अशी चावडीवर वदंता आहे. तिलाही संदर्भ नाही.

तरीही नाइलाजाने नोंदवावे लागते, की तरुण झोपल्यावर हाच माणूस मध्यरात्री, छदामही न घेता, त्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो, छिंदवाड्याच्या जागी २०२३ साली झालेला पांढुर्णा जिल्हा लिहितो आणि एखाद्या जुन्या वृत्तपत्रातून मारुतीच्या निद्रेचा आधार हुडकून तो चौकोनी कंस स्वतःच काढून टाकतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या २३ खंडांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशामागे निदान एक मंडळ आणि भागभांडवल होते. याच्यामागे झोपमोडीखेरीज काही नाही. मात्र तरुणाने कंस लागलेला पाहिला, निघालेला पाहिला नाही, कारण तो पुन्हा फिरकलाच नाही.

तेव्हा समस्त स्वागताध्यक्षांना विनंती एवढीच, की स्वागताचा साचा चार दिवस उशिरा पाठवला तरी चालेल, पण दुरुस्ती मात्र नवखा जागा असताना, त्याच्याशी दोन शब्द बोलत करावी.