शेवटच्या तांब्याचा सिद्धान्त

इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने २२ खंडांत छापली. त्यात वेणीचा खंड नाही, ही उणीव अभ्यासकांना आजवर कशी जाणवली नाही, याचे नवल वाटते. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तीन फुटी शेपट्याचे टोक सहा वर्षांपूर्वी टाळूवर होते आणि तेव्हापासूनचे प्रत्येक न्हाणे त्याने सोसले आहे. मुळाशी या महिन्याचे पाणी, खांद्यावर गेल्या-मागच्या वर्षांचे आणि कमरेशी पार जुन्या भाड्याच्या घरातले. केस दोन ते सहा-सात वर्षांत गळतोच, म्हणून हे दफ्तर आपोआप रद्दीत जाते. तरी तोवर ते वाचता येते. बोअरच्या पाण्याच्या गावात तर ते नुसत्या बोटांनी वाचता येते.

आता पाण्याचा विचार. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेत जाते आणि बोअरमधून वर येते ते जड होऊन. भारतीय मानक ब्युरोच्या हिशेबाने लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा ठीक. दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. घराघरांत मात्र मानक एकच: तुरीची डाळ. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसते, शिट्ट्यांमागून शिट्ट्या होतात आणि डाळ टणकच राहते. केसाचा पृष्ठभाग ऋणभारित, कॅल्शियम धनभारित. त्यामुळे तिथेही तीच चिकाटी. केस जितका जुना आणि झिजलेला, तितके ते जास्त चिकटते. साबण लावला तर कॅल्शियमशी संगनमत करून त्याचा न विरघळणारा राखाडी साका होतो आणि फणी मध्यावर अडते. वरण आणि वेणी यांचा शत्रू एकच आहे, हे पाकशास्त्र आणि केशशास्त्र या दोहोंनी एकत्र बसून मान्य करायला हवे.

यावर पूर्वपक्ष शिकेकाईवाद्यांचा. त्यांच्या आद्य प्रवर्तक म्हणजे घरोघरच्या आज्या. “आमच्या वेळी हेच पाणी होतं आणि केसही होते,” हे त्यांचे सूत्र. सूत्र निराधार नाही. शिकेकाई-रिठ्यातला फेस सॅपोनिनचा असतो. साबणासारखा तो कॅल्शियमने फाटत नाही. शिवाय शिकेकाई किंचित आंबट, तेही केसाला मानवते. पण आज्यांनी एक पुरावा दडवला, तो म्हणजे तांब्याचा बंब. पाणी खळखळा उकळले की जडपणातला बायकार्बोनेटांचा भाग खडूसारखा तळाशी बसतो. वर्षानुवर्षे श्रेय शिकेकाईने घेतले आणि पोटात पुटे बंबाच्या चढली. सल्फेट आणि क्लोराइडे मात्र उकळीला दाद देत नाहीत. त्यातून वर गार बोअरचे विसण घातले की केलेले शास्त्र पुन्हा पाण्यात.

लिंबूवाद्यांबद्दल थोडक्यात: आम्लाने चुना सुटतो, हे खरेच. पण बादलीत एक लिंबू पुरते हे पटवून देताना त्यांचा हात चारावर जातो आणि केसांचा काथ्या होतो.

काटकसरवाद्यांचा पंथ याहून रोचक. घरात आरओचे यंत्र असते, त्याची एक नळी पाणी टाकून देत असते, आणि ते वाया जाणे घरच्या कर्त्या पुरुषाला बघवत नाही. तो त्या नळीखाली बादली लावतो आणि ‘न्हायला’ म्हणून मोरीत नेऊन ठेवतो. गाळून काढलेले सगळे क्षार याच बादलीत उतरलेले असतात. बोअरपेक्षाही जड असे पाणी घरबसल्या तयार करण्याची ही अत्यंत खात्रीची रीत आहे. घरात केस गळतात म्हणून सर्वांत जास्त चिंताही तोच करतो.

पाश्चिमात्य पद्धतीच्या संशोधनाचा मान ठेवायला हवा. २०१३ साली कोइमतूरच्या डॉक्टरांनी जड पाण्यात आणि ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेल्या केसांची तुलना छापली. ताणून तोडताना दोहोंच्या ताकदीत लक्षणीय फरक त्यांना आढळला नाही. आमच्या परिचयातल्या एका आत्याबाईंना हे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “फणी घालून पाहिली का?” या आक्षेपाला आमच्यापाशी उत्तर नाही. ताणून केस तोडणे ही प्रयोगशाळेची गरज असेल. शाळेच्या वेळेत दोन वेण्या घालणे ही संसाराची आहे.

आता सिद्धान्तपक्ष. केस वाळताना पाणी उडून जाते, क्षार उडत नाहीत. म्हणजे आधीच्या तीन बादल्यांपेक्षा केसांत शेवटी उरते ते पाणी महत्त्वाचे. सबब पहिली सगळी धुणी बोअरवर खुशाल उरकावीत आणि शेवटचा तांब्या तेवढा मऊ पाण्याचा घ्यावा. पावसाळ्यात पन्हळीचे (पहिल्या सरीचे सोडून द्यावे, त्यात कौलांची धूळ असते), एरवी आरओचे किंवा जारचे. कमरेपर्यंतच्या केसांना दोन तांबे लागतात. हे तांबे टाळूवर ओतण्याची घाई करू नये. आधी शेंडे तांब्यात बुडवावेत. सगळ्यांत जुनी थकबाकी तिथे आहे. याने सहा वर्षांचे साचलेले निघणार नाही, पण नव्याने साचणे कमी होईल.

सिद्धान्तात दोष नाही, अंमलबजावणीत आहे. प्यायचे पाणी डोक्यावर? ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले, त्या भागात असा तांब्या मागायला नुसते लांब केस असून भागत नाही, छातीही लागते. तांब्या मंजूर झालाच, तरी वाटणीचा तंटा उभा राहतो. नणंद म्हणते माझे केस दाट, भावजय म्हणते माझे लांब, आणि पूर्ण टक्कल पडलेले काका समान वाटपाचे तत्त्व मांडतात. आमच्या मते वाटप केसांच्या लांबीच्या प्रमाणात व्हावे. त्या हिशेबाने काकांच्या वाट्याला फार तर एक घोट येतो; तो त्यांनी पिऊन टाकावा.