जाऊन-येऊन

शिर्डीत माध्यान्ह आरती आटोपली की पाहुण्याला एक वेगळीच अडचण पडते. दर्शन झालं, उदी मिळाली, प्रसादालयात पोटभर जेवण झालं आणि परतीची गाडी मात्र उद्याची. ज्यासाठी एवढ्या लांबून आलो ते काम उरकलं. आता उरलेल्या दिवसाचं करायचं काय? या प्रश्नाचं उत्तर नगर-मनमाड रस्त्यावर गाडीच्या बॉनेटला टेकून उभंच असतं. "साईराम! शिंगणापूर? जाऊन-येऊन!"

ही अडचण एकट्या शिर्डीची नाही. खास समुद्रासाठी पट्टायाला गेलेली आपली मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच समुद्राकडे बघून "आता पुढे?" असा चेहरा करतात. मग त्यांना स्पीडबोटीत घालून कोरल आयलंडवर, म्हणजे दुसऱ्या समुद्रकिनाऱ्यावर नेलं जातं. त्यानंतर नाँग नूचच्या बागेतले हत्ती, रत्नांचा कारखाना आणि जेवायला हटकून पंजाबी हॉटेल. फुकेतहून लोक ज्या बेटाच्या सहलीला जातात, त्याला १९७४ सालच्या एका बाँडपटामुळे जेम्स बाँडचं नाव पडलंय. आपण हसायचं कारण नाही. १९७७ साली मनोजकुमार यांचा 'शिर्डी के साईबाबा' आला आणि शिर्डीची गर्दी वाढली, असं आमच्याकडची जुनी माणसं अजून सांगतात. पाय देवाकडे वळो की बेटाकडे, वाट पुष्कळदा थिएटरातूनच जाते.

शिर्डीचं सहलींचं मेनूकार्ड ठरलेलं आहे. अर्ध्या दिवसाचं शनीचं शिंगणापूर. पूर्ण दिवसाचं एक तर नाशिक-त्र्यंबकेश्वर, नाही तर वेरूळ, घृष्णेश्वर आणि खुलताबादचा भद्रा मारुती. आंध्र-तेलंगणातून इतके लोक येतात, की राहात्याचा ड्रायव्हर तेलुगूत भाव सांगतो, तेलुगूतच घासाघीस ऐकून घेतो आणि मग मराठीत मनातलं बोलतो.

अशा सहलीचं खरं सुख कशात आहे? माझ्या मते, काहीही ठरवावं न लागण्यात. घरी भाजी कोणती इथपासून भाचीच्या लग्नात आहेर किती इथपर्यंत ज्यानं वर्षभर सगळं ठरवलेलं असतं, तो कर्ता पुरुष मागच्या सीटवर बसतो आणि ड्रायव्हर म्हणेल तिथे उतरतो, म्हणेल तेवढ्या वेळात परत येतो. "काका, इथं चहा घ्या," म्हटलं की काका चहा घेतात. घरात हाच चहा तीनदा विचारून झालेला असतो.

शिंगणापूरच्या सत्तरेक किलोमीटरच्या वाटेवर आधी राहात्याचे पेरू लागतात. मग बाभळेश्वर, कोल्हारला प्रवरेवरचा पूल, राहुरी, आणि तिथून वळून सोनई. सगळा मुलूख उसाचा. शिंगणापूर जवळ येऊ लागलं की दुतर्फा रसवंत्या सुरू होतात आणि सगळ्या गाड्या आपोआप थांबतात. मांडवाखाली लाकडी चरक, त्याला जुंपलेला बैल, गळ्यात घुंगरू. पोरं बैलाच्या मागोमाग फिरतात, बायका मोबाइल उभा-आडवा करतात, बैल कुणाकडेही न बघता आपली फेरी पुरी करतो. आमचा ड्रायव्हर शेजारच्या खाटेवर बसून फुकटचा ग्लास पीत असतो. रोज शिंगणापूरला येणारा हा गडी स्वतः शनीच्या चौथऱ्याकडे क्वचितच फिरकतो. दिवसभर चालून कुठेच न पोचण्याच्या बाबतीत तो आणि बैल एका गोत्रातले.

मौज अशी की बाभळेश्वरहून हाकेच्या अंतरावर लोणी आहे. तिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि १९५० साली आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यानं नगर जिल्ह्याचं नशीब पालटलं, राजकारणही पालटलं. तिथे एकही सहल थांबत नाही. टनावारी ऊस गाळणाऱ्या कारखान्याला कुणी विचारत नाही आणि दोन कांडकी पिळणाऱ्या बैलाचे फोटो मात्र विजयवाड्यापर्यंत जातात. कारखान्याला घुंगरू नाहीत, हेच त्याचं चुकलं.

शिंगणापुरात ड्रायव्हरचं भाषण असतं. देवाला छप्पर नाही, काळी शिळा उघड्यावर उभी. गावातल्या घरांना कवाडं न लावण्याची परंपरा. २०११ साली बँकेनं शाखा उघडली तीसुद्धा बिनकुलपाची. "इथं चोरीच व्हत नाही," तो अभिमानानं सांगतो आणि त्याच दमात म्हणतो, "पाकिटं, मोबाइल तेवढे सांभाळा." सगळे उतरले की रिमोट दाबतो. गाडी दोनदा टुकटुक करते. तरी तो दार ओढून बघतो, मगच तेलाच्या दुकानाकडे बोट दाखवतो. कोणत्या दुकानाकडे, हे त्याचं आधीच ठरलेलं असतं. रत्नांचा कारखाना इथेही आहे, फक्त तो तेल आणि रुईच्या माळा विकतो.

यात मला फारसं वावगं वाटत नाही. सहल म्हणजे हौस, आणि हौसेवर कुणाचं तरी घर चालावंच. खटकतं ते वेगळंच. आपण उभे असतो ते गाव नेवासा तालुक्यातलं. तासाभराच्या आतच प्रवराकाठचं नेवासं. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसत असं सांगतात, तो पैस खांब आजही आहे. मराठी बोलणाऱ्यानं आयुष्यात एकदा तरी त्याच्यासमोर बसावं. पण मेनूकार्डावर नेवासं नाही.

म्हणून परवा आमच्याकडच्या पाहुण्यांना घेऊन निघालो तेव्हा ड्रायव्हरला म्हटलं, शिंगणापूरनंतर नेवाशाला घे. त्यानं आरशातून पाहिलं.

"तिथं काय करायचं, साहेब? तेल वाहायचं नाही, रांग नाही."

"काही नाही. खांबासमोर तासभर बसायचं."

"नुसतं बसायचं?"

"नुसतं."

त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि सांगितलं, "चालंल. पण नुसतं बसायचं असंल तर वेटिंगचं येगळं पडंल."