जास्तीच्या एका तुकड्याचा पंचनामा

महसूल खात्यात चौतीस वर्षे चाकरी करून, त्यांतली अखेरची अकरा अव्वल कारकुनाच्या खुर्चीत घालवून, एक शाल, एक नारळ आणि भिंतीवरचे एक घड्याळ एवढ्या ऐवजाचा धनी होऊन जो गृहस्थ घरी परततो, त्याने उरलेले आयुष्य पोथी, पहाटेचा फेरफटका आणि बागेतल्या बाकावरचे राजकारण यांत व्यतीत करावे, असा आपल्याकडे अलिखित दंडक आहे. मी तो मोडला. मी प्लास्टिकच्या विटा जमवतो. बैठक मारून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, त्यांच्या इमारती रचतो आणि सवडीने पुन्हा पाडतो. सत्तरी उलटलेल्या मनुष्याने हे सांगताना थोडे ओशाळावे अशी अपेक्षा असते, आणि पहिली दोन वर्षे मी ओशाळतही असे. दुकानात “नातवासाठी का, काका?” असे विचारले की मी मान हलवून मोकळा होई. मला नातू नाही. दोन नाती आहेत, आणि दोघींनाही या प्रकारात काडीचे स्वारस्य नाही.

व्यसनाचा उगम एका मुंजीत आहे. भाच्याच्या मुलाच्या मुंजीसाठी, बटूला आहेर म्हणून, मी लेगोचा एक अग्निशामक बंब आणून कपाटात ठेवला होता. मुहूर्ताला दोन दिवस उरले असता त्यांच्या भाऊबंदांत सोयर आले आणि कार्य पुढे ढकलले गेले. आता मध्यंतरी वेळ आहे तर आतला माल यथास्थित आहे की नाही याची पडताळणी करून ठेवावी, अशा निव्वळ प्रशासकीय हेतूने मी ती पेटी फोडली. रात्री अडीच वाजता सौ. पाणी प्यायला उठली तेव्हा बंबावर शिडी चढवण्याचे काम चालू होते.

“अहो, हे काय?”

“तपासणी,” मी म्हणालो.

बटूला पुढे पाकीट गेले. बंब माझ्याकडेच आहे.

मला पहिल्या रात्री ज्या गोष्टीने जिंकले ती वीट नव्हे, तर पेटीतली सूचनापुस्तिका. उभ्या हयातीत मी जी परिपत्रके वाचली, त्यांतल्या प्रत्येकाचा अर्थ लावण्यासाठी खुलाशाचे दुसरे परिपत्रक यावे लागे, आणि त्या खुलाशातील संदिग्धता दूर करण्यासाठी तिसरे. इथे मात्र शेकडो पायऱ्यांचा हुकूमनामा असूनही तो एका शब्दाविना, केवळ चित्रांनी, लहान पोरापासून माझ्यासारख्या खोडापर्यंत सर्वांना सारखाच कळतो. कोणता तुकडा, किती नग, कुठे बसवायचा: बस्स. हरकती नाहीत, अपील नाही. चूक झालीच तर ती वीस पाने पुढे गेल्यावर एखादी भिंत शेजारच्या भिंतीला मिळत नाही तेव्हा उघडकीस येते, आणि तेव्हाही दोष कोणाचा याविषयी चौकशी समिती नेमावी लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वीट बसतानाचा आवाज. विटेच्या डोक्यावरचे जे गोल उंचवटे, त्यांना मी गुंड्या म्हणतो. दोन रांगांत चार-चार गुंड्या असलेली ती आमची आठगुंडी वीट, आणि याच न्यायाने चारगुंडी, दुगुंडी, एकगुंडी. एका विटेवर दुसरी ठेवून अंगठ्याने दाबली की जो लहानसा ‘टच्’ होतो, त्यात एक विलक्षण निर्णायकपणा असतो. गुंड्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत आठ मिलिमीटर, विटेची उंची नऊ पूर्णांक सहा दशांश, आणि पातळ चकती बरोबर तिच्या एक तृतीयांश. तीन चकत्या एकावर एक ठेवल्या की एक वीट होते. कमी नाही, जास्त नाही. ज्याने बांधावरून भांडणाऱ्या सख्ख्या भावांच्या हद्दी कायम होण्याची वाट पाहण्यात तारुण्य वेचले, त्याला हे पाहून भरून आले तर नवल नाही.

या विटांचे मूळ पीठ डेन्मार्कातले बिलुंड हे गाव. ओले कर्क क्रिस्तियान्सन नावाच्या तिथल्या एका सुताराने १९३२ साली, मंदीत घरबांधणीची कामे आटल्यावर, लाकडी खेळणी करायला घेतली, आणि दोन वर्षांनी ‘छान खेळा’ अशा अर्थाचे दोन डॅनिश शब्द जोडून कारखान्याला लेगो हे नाव दिले. त्याच्या मुलाची, गोटफ्रेडची, एक हकिकत सांगतात. लाकडी बदकांना रोगणाचे तीन हात द्यायचा रिवाज असताना या चिरंजिवांनी दोनच दिले, आणि केवढी काटकसर केली म्हणून बापापुढे बढाई मारली. बापाने त्याला स्टेशनावर पिटाळले, रवाना होऊ घातलेला माल परत आणवला आणि राहिलेला तिसरा हात त्याच्याकडूनच देववला. असा एक बाप आमच्या तालुक्यात रस्त्यांच्या कामावर असता, तर माझ्या पाठीचे मणके आज जागेवर असते.

हाच गोटफ्रेड पुढे चांगला निपजला. कारखान्याने प्लास्टिकच्या विटा १९४९ सालीच बाजारात आणल्या होत्या, आणि मूळ दस्त पाहू गेल्यास ती कल्पना इंग्लंडातल्या हिलरी फिशर पेज याच्या विटांवरून उचललेली. परंतु त्या आतून पोकळ असत, आणि त्यांची इमारत म्हणजे आघाडीचे सरकार. पोटात नळ्या बसवून खालच्या विटेच्या गुंड्या त्यांनी पकडाव्यात, ही युक्ती गोटफ्रेडने पेटंटासाठी दाखल केली ती २८ जानेवारी १९५८ रोजी, दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी. अर्ज दाखल झाल्याचे मिनिटसुद्धा नोंदलेले आहे! आमच्या कचेरीत अर्ज कोणत्या महिन्यात आला यावर दोन टेबलांत मतभेद असत. आणि त्या वर्षाची वीट आजच्या विटेवर बसते. १९५८ सालच्या कोणत्या वस्तूचे आजच्या कोणत्या वस्तूशी जमते, हे वाचकांनी आपापल्या घरात पाहून घ्यावे.

या विटेचा खरा गुण मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. ती धरते हे सगळ्यांना दिसते. ती सोडते, हे तिचे मोठेपण. चुना, सिमेंट, सरस आणि काही नातेवाईक यांना धरणे तेवढे साधते. म्हणून आयती इमारत सरसाने चिकटवून टाकणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. लहानपणी दिवाळीत आम्ही अंगणात चिखलाचा किल्ला करत असू. त्यावर आळीव पेरून हिरवळ उगवायची, बुरुजाहून थोराड असा मातीचा मावळा दारात उभा करायचा, आणि चार दिवसांनी तो सारा मुलूख पुन्हा चिखलात मिळवायचा. किल्ला कायम ठेवावा असे कोणाच्या मनात येत नसे, कारण पुढल्या वर्षी राजगड करायचा असे आणि अंगण एकच होते.

आमचे शेजारी रावसाहेब यांना हे मान्य नाही. तेही लेगो जमवतात. परंतु त्यांनी आजवर एकही पेटी उघडलेली नाही. कारखान्याने एखादा संच काढणे बंद केले की बाजारात त्याचा भाव चढतो, हे हेरून त्यांनी शयनगृहातील लोखंडी कपाटात पेट्यांची चळत रचली आहे, आणि नॅप्थलीनच्या गोळ्यांच्या वासात त्या मौल्यवान होण्याची वाट पाहत पडल्या आहेत. एकदा मी त्यांना सांगितले, की एकाच रंगाच्या सहा आठगुंडी विटा परस्परांना ९१,५१,०३,७६५ प्रकारांनी जोडता येतात. सोरेन आयलर्स या डॅनिश गणितज्ञाने यंत्राला कामाला लावून ही संख्या काढली, तोवर कारखानाही सुमारे दहा कोटींवर समाधानी होता. तुमच्या कपाटात मात्र, मी म्हणालो, ही सर्व मंडळी एकाच प्रकाराने बसली आहेत. रावसाहेबांनी चहाचा घोट घेतला आणि विचारले, “त्यांतल्या एका तरी प्रकाराला व्याज मिळते का?” ज्या ५,९२२ तुकड्यांच्या ताजमहालासाठी मी २००८ साली खिशाकडे पाहून हात आखडला होता, तो त्यांच्या कपाटात तिसऱ्या कप्प्यात आहे, त्यामुळे या विषयावरचे माझे मत निखालस निःपक्षपाती आहे असा दावा मी करणार नाही.

विटांची वर्गवारी हा या छंदातील खरा राजयोग. प्रारंभी मी तुकडे रंगवार लावले: तांबड्यांचा एक डबा, निळ्यांचा एक, करड्यांचे दोन. दिसायला फार देखणे. पण तांबड्यांच्या ढिगात तांबडी बिजागरी शोधू लागलो तेव्हा पाऊण तास गेला, कारण डोळ्याला रंग आधी दिसतो आणि आकार मागाहून. सगळेच तांबडे असले की डोळा आंधळा होतो. उलट बिजागऱ्यांचा एकच डबा केला तर त्यातली तांबडी आपण होऊन हात वर करते. तेव्हापासून सर्व दप्तर आकारवार आहे. यासाठी कप्पे लागतात, आणि सात वाट्यांचा सौ.चा मिसळणाचा डबा जणू याच कामासाठी घडवलेला. परंतु त्याविषयीचा माझा अर्ज तोंडी सुनावणीतच फेटाळला गेला. जुनी रोवळी तेवढी मंजूर झाली. तीत मी धुळकट विटा कोमट पाण्याने धुतो. पाणी चाळीस अंशांहून ऊन नको. स्टिकरवाला तुकडा तर पाण्यात मुळीच घालू नये. स्टिकर! रंगाने छापलेला तुकडा ही सनद, आणि स्टिकर म्हणजे तिची वाकडी चिकटलेली खरी नक्कल. सत्तरीच्या थरथरत्या बोटांनी ती सरळ चिकटवण्याची अपेक्षा करणे हा शुद्ध जुलूम आहे, आणि या मुद्द्यावर मला प्रतिवाद ऐकायचा नाही.

आता मूळ प्रकरण. गेल्या वर्षी चिरंजिवांनी ताजमहाल पाठवला. मोठा नव्हे, २०२१ सालचा, २,०२२ तुकड्यांचा. माझे टेबल अर्धवट पाडलेल्या बंबाने अडवलेले असल्यामुळे मी स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर मुक्काम हलवला. “शहाजहानने बायकोसाठी बांधला,” सौ. म्हणाली, “तुम्ही तो बायकोच्या वाटेत बांधताय.” नऊ रात्रींत घुमट चढला. त्या रात्री, उद्याच्या संकष्टीचा साबुदाणा भिजत घातलेले पातेले टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

जाणकारांना ठाऊक असते, की बारीक तुकडे हरवणारच हे गृहीत धरून कारखाना त्यांतला एखादा जास्तीचा घालतो. सामान्य मनुष्य असले तुकडे वाटीत टाकून विसरतो. मी प्रत्येक पुडी फोडताच नगवार मोजणी करून आवक-जावक-शिल्लक अशा तीन रकान्यांत मांडतो. ताज पुरा झाला. एकही वीट उणी नाही. परंतु शिलकेत एक पांढरा, गोल, एकगुंडी तुकडा कमी भरला. मी टेबल हलवले, चटई झटकली, केराची बादली वर्तमानपत्रावर पालथी केली.

“अहो, ताज उभा आहे ना?” सौ. म्हणाली.

“प्रश्न ताजचा नाही. प्रश्न शिलकेचा आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी खिचडी उत्तम झाली होती. तिसऱ्या घासाला माझ्या तोंडात असा काही आवाज झाला, जो साबुदाण्याचा नव्हता आणि दाण्याच्या कुटाचाही नव्हता. मी वरची कवळी बाहेर काढली. ती मधोमध उभी दुभंगली होती. त्यापाठोपाठ तो तुकडा निघाला. रात्रभर भिजून, तूप-जिऱ्याच्या फोडणीत परतून, वाफ खाऊन आणि माझ्या दाढांखालून जाऊन तो जसाच्या तसा होता. फक्त खालच्या पोकळीत थोडे कूट आणि एक जिरे अडकले होते. मी टाचणीने जिरे काढले, तुकडा धुतला आणि शेजारच्या आठगुंडीवर दाबून पाहिला. टच्. इंग्लंडातल्या ओपन युनिव्हर्सिटीत २०१२ साली चारगुंडी वीट यंत्राखाली दाबून पाहिली, तेव्हा ती सुमारे ४३२ किलो भार पेलून मगच नमली होती. कवळीच्या ताकदीची अशी काही नोंद माझ्याकडे नव्हती, आता आहे.

“काय चावलात?” दंतवैद्यांनी विचारले.

“साबुदाणा,” मी म्हणालो. ते गंभीरपणे हसले, आणि साबुदाणा नीट भिजवण्याविषयी घरी सांगा म्हणाले. हा निरोप मी सौ.ला दिला नाही.

घरी येऊन मी रजिस्टर काढले आणि रीतसर पंचनामा लिहिला: “तुकडा पांढरा, गोल, एकगुंडी, नग १, संकष्टीच्या खिचडीतून हस्तगत, सुस्थितीत, शिलकेत जमा. कवळी, वरची, नग १, खर्ची.” एक पंच म्हणून रावसाहेबांनी सही केली, मात्र तोंडात जाऊन आलेल्या तुकड्याला बाजारात काही भाव राहत नाही, असा शेराही मारला. दुसरे पंच म्हणून सौ.ची सही हवी आहे. तिने मजकूर दोनदा वाचला, “साबुदाण्याचं पातेलं उघडं कोणी ठेवलं होतं, तेही लिहा,” म्हणाली, आणि पेन माझ्या हातात परत दिले. प्रकरण तूर्त प्रलंबित आहे.