कोऱ्या चहाची कैफियत

हिंजवडीच्या शिवाजी चौकातील टपरीवर, दिवसभर संगणकाच्या पडद्याशी झुंज घेऊन बाहेर पडलेल्या अभियंत्यांच्या घोळक्यात उभे राहून, दुधाच्या चहाचा गजर चालू असता आपण सौम्य स्वरात 'एक कोरा' म्हटले, तर टपरीवाला अत्यंत सहानुभूतीने विचारतो, "काका, पोट बिघडलंय का?" बिनदुधाचा चहा हा धडधाकट मनुष्याने राजीखुशीने मागण्याचा जिन्नस आहे, अशी नोंद त्याच्या दफ्तरी नाही. वास्तविक याच मुळशी तालुक्यात, आयटी पार्क येण्यापूर्वी, दूध डेअरीला घालून घरी गुळाचा कोरा चहा पिणारी पिढी नांदली. गुळाने दूध नासते, ही भीती त्या काटकसरीच्या बाजूने साक्ष देत असे.

चहाच्या बाबतीत पुणे प्रांत पूर्वीपासून कडकच. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनात टिळक-रानड्यांसह काही मंडळी चहास गेली, गोपाळराव जोश्यांनी त्यांची नावे वर्तमानपत्रात फोडली, आणि प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारी जाऊन प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. तेव्हा तंटा चहा कोणाच्या हातचा याचा होता. आता दूध का नको याचा आहे.

पण खरी फिर्याद पुढेच आहे. आमच्यावर दया येऊन टपरीवाला वेगळे पातेले चढवतो, त्यात पाणी, साखर, ठेचलेले आले आणि मूठभर भुकटी एकदमच लोटतो, आणि तो ऐवज काढ्यासारखा रटरटा उकळू देतो. ही दाणेदार पत्ती १९३०च्या दशकात आसामात निघालेल्या सीटीसी यंत्राची कृपा: पान चिरडून, फाडून, वळवून असे केले जाते की रंग तत्काळ उतरावा. दुधातील प्रथिने तिचा तुरटपणा बांधून ठेवीत असल्यामुळे दुधाच्या चहात हा उकळण्याचा गुन्हा पचून जातो. कोऱ्यात मात्र जिभेवर पूर्ण कबुलीजबाब उमटतो.

तरी वाचकांस विनंती, की टपरीवाल्याला गोडीगुलाबीने सांगावे: पाणी उकळले की गॅस बंद कर, मग चमचाभर पत्ती टाक, वर ताटली ठेव आणि तीन मिनिटे थांब. हिंजवडीचा सिग्नल ओलांडणाऱ्याला तीन मिनिटे म्हणजे काहीच नव्हेत. लिंबू हवे तर चहा गाळल्यानंतरच पिळावे. आणि लिंबाने रंग फिका पडला म्हणून 'पातळ दिलास' असा कांगावा करून त्या बिचाऱ्याकडे पैसे परत मागू नयेत.