हा प्रश्न इथला नाही

प्रोग्रॅमिंग यायला वर्षं लागतात. पण 'हा प्रश्न इथला नाही' असं सांगायला नुसता रुबाब पुरतो, आणि तो माझ्याकडे भरपूर आहे. नवख्याला समजेल असा पॉइंटर समजावून सांगायचा म्हटलं तर मला घाम फुटतो. समोरच्याचा प्रश्न अवांतर आहे हे मात्र त्याच्या पहिल्याच ओळीत माझ्या लक्षात येतं, आणि लक्षात आलं की अंगावर मूठभर मांस चढतं. यामागचा हिशेब सरळ आहे. उत्तर द्यायचं तर प्रश्न शेवटपर्यंत वाचावा लागतो, त्यातला कोड आपल्या मशीनवर चालवून पाहावा लागतो, आणि इतकं करून चारचौघांत आपलंच उत्तर चुकण्याची धास्ती असते. प्रश्न अवांतर ठरवताना यातलं काहीच करावं लागत नाही. उलट शिस्तीचा भोक्ता म्हणून नाव होतं. इतक्या कमी भांडवलात इतका मान देणारा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी 2008 साली स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ सुरू केलं, ते गप्पांच्या ढिगाऱ्यात कामाचं उत्तर हरवू नये म्हणून. हेतू रास्तच होता. पण हेतू राबवायला माणसं लागतात, आणि माणसं म्हणजे आम्ही. तिथे तीन हजार गुण जमले की प्रश्न बंद करायला मत देता येतं. पूर्वी अशी पाच मतं लागत, 2019 पासून तिघांचं एकमत पुरतं. नवख्याला मात्र पन्नास गुण होईपर्यंत दुसऱ्याच्या लिखाणाखाली टिप्पणीही करता येत नाही. मग तो बिचारा आपली शंका उत्तराच्या चौकटीत लिहितो, आणि 'हे उत्तर नव्हे' म्हणून तीही उडवली जाते. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काळात याच ठिकाणी आवडतं व्यंगचित्र कोणतं, प्रत्येक प्रोग्रॅमरने वाचावं असं एक पुस्तक कोणतं, असले प्रश्न जोरात चालत. पुढे ते बंद झाले, आणि त्यांतल्या काहींना ऐतिहासिक महत्त्वाचे म्हणून कुलूप लावून जपण्यात आलं. वर पाटी लावली, तिचा मतलब असा की हे इथे दिसतंय म्हणून तुम्ही विचारायला जाऊ नका. सरकारी कचेरीत 'हे आमच्याकडे येत नाही' म्हणणाऱ्या बाबूवर आम्ही प्रोग्रॅमर मंडळी किती चिडतो! त्याचं सगळं कामकाज एका अ‍ॅपमध्ये बसवून त्याला घरी पाठवावं, असे मनसुबे रचतो. पण तो बाबू निदान मान वर न करता का होईना 'तीन नंबरला विचारा' एवढं तरी म्हणतो. आम्ही तेही म्हणत नाही.

यावर जुनी जाणती मंडळी म्हणतील, की दाराला कडी नसेल तर आत कोणीही येतं आणि जागेचा उकिरडा होतो. हे खोटं नाही. युजनेट या जुन्या चर्चागटांच्या काळात दर सप्टेंबरला अमेरिकी विद्यापीठांत नवी पोरं यायची, त्यांना इंटरनेट मिळायचं आणि ती वाटेल तिथे वाटेल ते विचारायची. जुने सदस्य त्यांना ताळ्यावर आणेपर्यंत महिनाभर धुमाकूळ असायचा. 1993 नंतर घराघरांतून माणसं येऊ लागली, आणि तेव्हापासून तो सप्टेंबर संपलेलाच नाही अशी जुन्यांची तक्रार आहे. ऑक्टोबर 1995 मध्ये नेटवरच्या शिष्टाचाराचा एक दस्तऐवज निघाला, आरएफसी 1855. त्यात नव्या माणसाला सल्ला आहे, की एखाद्या गटात काही लिहिण्याआधी महिना-दोन महिने नुसतं वाचावं. सल्ला उत्तम आहे. फक्त ज्याला उद्या सकाळी प्रॅक्टिकलची फाइल द्यायची आहे, त्याने हे दोन महिने आणायचे कुठून, एवढं त्यात लिहिलेलं नाही.

प्रॅक्टिकलचा विषय निघालाच आहे तर टर्बो सीबद्दल बोलायलाच हवं, आणि एकदा बोलायला लागलो की मी आवरत नाही. निळा पडदा, पिवळी अक्षरं, आणि प्रोग्रॅमच्या तोंडाशी पडदा पुसणारं सीएलआरएससीआर, शेवटी कळ दाबेपर्यंत थांबणारं गेटसीएच. देवापुढे आधी दिवा आणि शेवटी आरती, तितक्याच श्रद्धेने ही दोन पदं महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये पिढ्यान् पिढ्या टाइप झाली. बोर्लंडचा हा कंपायलर 1990 च्या आगेमागे जगात जोरात होता. जग पुढे गेलं. 64 बिटी विंडोज त्याला ओळखही दाखवेना, तर आमच्याकडे डॉसबॉक्समध्ये त्याचं पुनर्वसन झालं, कारण अभ्यासक्रम आणि परीक्षक दोघेही त्यातच राहायला होते. काखेत नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी', जर्नलवर सरांची सही, आणि मेन फंक्शनच्या आधी ठसठशीत व्हॉइड. एवढ्या पुंजीवर मुलगा जगाच्या चव्हाट्यावर जायचा. युजनेटवर तो चव्हाटा म्हणजे कॉम्प डॉट लँग डॉट सी. तिथे सी म्हणजे प्रमाण सी. प्रमाण ग्रंथात नाही ते जगात नाही. पडदा कसा पुसायचा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: भाषेला पडदा माहीत नाही, कोनिओ डॉट एच ही डॉसवाल्यांची भानगड, आपण चुकीच्या दारात आलात. आणि कोडमध्ये व्हॉइड मेन दिसलं की मूळ प्रश्न बाजूला राहायचा आणि मेनने इंटच परत दिला पाहिजे यावर कीर्तन सुरू व्हायचं. प्रमाणाबाहेरचं काही लिहिलंत तर कंपायलर तुमच्या नाकातून भुतंसुद्धा काढू शकतो, हा त्या मंडळींचा 1992 पासूनचा लाडका विनोद. भुतं निघतील तेव्हा निघतील, मुलाचा पडदा काही पुसला जायचा नाही.

आता खरी गोष्ट ऐका. याच कर्मठ गटासाठी स्टीव्ह समिट यांनी नेहमीच्या प्रश्नांची एक यादी तयार केली; सी शिकणाऱ्यांत तिच्याइतका मान फार थोड्या कागदांना असेल. त्या यादीत एक अख्खं प्रकरण, एकोणिसावं, भाषेच्या हद्दीबाहेरच्या प्रश्नांना दिलेलं आहे. पडदा कसा पुसायचा, एंटर न दाबता एक अक्षर कसं वाचायचं, सगळं त्यात आहे. हे तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून आहे, असं तिथे स्पष्ट सांगितलंय, आणि कोणत्या सिस्टिमवर काय शोधायचं तेही. हद्द सर्वांत चोख जाणणाऱ्या माणसाने हद्दीबाहेर बोट दाखवायला कमीपणा मानला नाही. तो कमीपणा आम्हीच, हद्द नुकतीच पाठ केलेल्यांनी, मानला.

माझं म्हणणं एवढंच, की अवांतर प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आपलं दुखणं कुठे आहे हेच ठाऊक नसतं. त्याला वाटतं भाषेत चूक आहे. चूक असते टर्मिनलमध्ये, नाहीतर फाइलच्या परवानगीत, नाहीतर कॉलेजच्या नेटवर्कमध्ये. कुठे विचारायचं हे कळलं असतं तर निम्मं उत्तर त्याच्या हातात आलं असतं. म्हणून 'इथे नाही' हे सांगणं फुकटाचं आहे. 'तिथे विचार' हे सांगायला मात्र विषय यावा लागतो. आमच्या रुबाबाचं बिंग नेमकं इथे फुटतं. एरिक रेमंड यांनी 2001 साली हुशारीने प्रश्न कसे विचारावेत यावर एक प्रसिद्ध लेख लिहिला, आणि तो वाचायला सांगून नवख्यांना वाटेला लावायची चाल पडली. परिणाम असा झाला, की लोक आपापल्या सॉफ्टवेअरच्या अडचणी थेट लेखकालाच कळवू लागले, आणि आमचा हा मदत कक्ष नव्हे अशी सूचना लेखाच्या डोक्यावर डकवावी लागली. बोट दाखवायचं तेही कुठे, हे कळावं लागतं.

'मतमतांतराचा' म्हणून बंद होणाऱ्या प्रश्नांवर मात्र मला विनोद सुचत नाही. कोणती भाषा शिकू, वय तीस झालं आता जमेल का, इंग्रजी कच्चं आहे, नोकरी मिळेल का. नियमाने हे सगळे प्रश्न अवांतरच, आणि बंद करणाऱ्याची चूक काढता येणार नाही. पण तालुक्याच्या गावात बसून मोडक्या इंग्रजीत कोणी हे विचारतो, तेव्हा आजूबाजूला विचारण्यासारखं कोणी नाही म्हणूनच विचारतो. कोडचं उत्तर त्याला कुठेही मिळालं असतं. हे विचारायला त्याला तुमच्यासारखं, या रस्त्याने गेलेलं माणूस हवं होतं, आणि तीन मतांनी त्याला कळतं की इथे माणसं नाहीत.

कोणी म्हणेल, फुकट काम करणाऱ्यांकडून आणखी माया कशाला मागता? नका देऊ. उत्तर देणं कोणाचंच कर्तव्य नाही; प्रश्न वाचून पुढे जायची मुभा सर्वांना आहे. पण मत द्यायचं, शेरा मारायचा, वर पॉइंट नसलेल्याला सुनवायचं, एवढा वेळ ज्याच्याकडे आहे, त्याने वेळ नाही ही सबब सांगू नये. दुसरे म्हणतील, आता हा वादच संपला, 2022 च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि लोक यंत्राला विचारू लागले. खरंच आहे, तेव्हापासून स्टॅक ओव्हरफ्लोवरचे प्रश्न भराभर आटले. यंत्र कोणालाच 'इथे नाही' म्हणत नाही. नमस्कार चालतो, आगाऊ आभार चालतात, व्हॉइड मेनही चालतं. आमच्यातले काही याला गर्दी हटली, दर्जा वाढला असं म्हणतात. मलाही तसं म्हणावंसं वाटतं, पण हटलेल्या गर्दीत उद्याचे उत्तर देणारेही होते, हे मनातून जात नाही.

तेव्हा पडदा पुसण्याबद्दल विचारणारा कोणी अजून भेटलाच, तर लिहावं: हे फंक्शन सीचं नाही, जुन्या डॉस कंपायलरचं आहे. लिनक्सवर असाल तर एनकर्सेस शोधा. पडदा पुसण्यावाचून अडत नसेल तर ती ओळ काढून टाका, बाकीचा प्रोग्रॅम चालेल. सर मार्क कापतील म्हणाले तर डॉसबॉक्स आहेच. हे लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत. मग प्रश्न खुशाल बंद करावा. पहिलं मत माझं धरा. तेवढी हौस माझ्याकडून सुटेल असं दिसत नाही.