नाव टाकलेल्या जोडप्याचे हितचिंतक कसे व्हावे

मूल दत्तक घ्यायचे तर जोडप्याला पात्रता लागते. लग्न होऊन स्थिर संसाराची किमान २ वर्षे, दोघांची संमती, पालक आणि मूल यांच्या वयात निदान २५ वर्षांचे अंतर. दोन वर्षांच्या आतले बाळ हवे असेल तर नोंदणीच्या दिवशी नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे जाता कामा नये. वर डॉक्टरचा दाखला. हितचिंतक व्हायला यातले काहीच लागत नाही. भिंतीला भिंत लागून घर असले, लांबची का होईना भाऊकी असली, किंवा भोरजच्या फाट्यावरून आदिलाबादकडच्या आपल्या जैनथपर्यंत एका ऑटोत बसून आले असले, तरी पुरते. आणि नेमकी याच वर्गाची आजवर आबाळ झाली आहे. जोडप्यासाठी केंद्र सरकारने २०२२ ची अख्खी नियमावली काढली, ‘कारा’ नावाचे प्राधिकरण बसवले, इंटरनेटवर नोंदणी सुरू केली. शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी मात्र कोणी एक पान लिहिले नाही. ती उणीव इथे भरून काढत आहोत.

पहिले काम ओळखण्याचे. अमक्याने दत्तकासाठी नाव टाकले आहे, ही गोष्ट जोडपे आपण होऊन सांगत नाही, त्यामुळे खुणा माहीत हव्यात. पीककर्जाचा हंगाम नसताना मनुष्य मी-सेवा केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभा आहे. आयुष्यात कधी खोकल्यालाही दवाखान्यात न गेलेला आदिलाबादेत रक्त तपासून आला आहे. मुख्य खूण म्हणजे लग्नाचा दाखला. आपल्याकडे लग्न अल्बममध्ये असते, व्हिडिओत असते, सासरच्यांच्या तक्रारीत तर असतेच असते. सरकारी कागदावर असेल याची खात्री नाही. त्यात बायको पैनगंगेपलीकडची, पांढरकवड्याकडची निघाली की तिचा जन्मदाखला मराठीत, याचे कागद तेलुगूत, आणि दोन राज्यांच्या कचेऱ्यांत हेलपाटे. असा मनुष्य हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन दिसला की थांबवावे आणि विचारावे, “काऊन बापू, प्लॉट घेता का?” तो “नाही” म्हणून मान खाली घालील. झाले, ओळख पटली.

आता मूळ प्रश्न विचारावा: दोष कोणात आहे? सरकारने हा प्रश्न अर्जात घातलेला नाही. मूल असलेल्यांना, नसलेल्यांना, इतकेच काय एकट्या बाईलाही अर्ज करता येतो, आणि मूल का नाही याचा खुलासा कोणी मागत नाही. एवढी मोठी गफलत सरकार करू शकते, पण आपण करू नये. बाईला हा प्रश्न कापूस वेचताना विचारावा, कारण तेव्हा तिला ओळ सोडून जाता येत नाही. पुरुषाला तो आदिलाबादच्या मार्केटात विचारावा, ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून गाडी परत वळवत असताना. उत्तर काहीही आले तरी लगेच उपाय सुचवावा. नागपूरचा डॉक्टर, हैदराबादचा डॉक्टर, केळापूरची जगदंबा, माहूरची अनसूया. दहा वर्षांत हे सगळे करून ते थकले असतील, हे मनात आणू नये. त्यांनी केले असेल, पण आपण सांगितलेले नव्हते.

यानंतर मावसबहिणीची गोष्ट सांगावी. ही गोष्ट प्रत्येक हितचिंतकाकडे तयार हवीच: तिने दत्तक घेतले आणि वर्षाच्या आत तिला ‘स्वतःचे’ झाले. मावसबहीण लांबच्या गावची असावी, म्हणजे कोणी पडताळायला जात नाही. ‘स्वतःचे’ या शब्दावर किंचित थांबावे. येणारे मूल दैव उघडायची किल्ली आहे, खरे मूल मागून येते आहे, हे समोरच्या बाईला कळले पाहिजे. ती चहा ठेवायला उठून गेली तर चहाला ‘नको’ म्हणू नये.

भाऊकीतल्या माणसांची जबाबदारी मोठी. त्यांनी “परक्याचं काऊन आणता, आमचा धाकटा घ्या ना” असा प्रस्ताव मांडावा. धाकटा बारा वर्षांचा असेल, त्याला विचारलेले नसेल, त्याच्या आईला तर मुळीच नसेल, तरी मांडावा. हा प्रस्ताव मुलाबद्दल नसून सात एकर कपाशीबद्दल आहे, हे गावात कोणापासून लपलेले नाही. पण बोलताना पट्टादार पासबुकाचे नाव काढू नये, ‘घराणे’ म्हणावे. दत्तक मुलाला पोटच्या मुलाइतकाच हक्क कायद्याने मिळतो, ही माहिती कोणी पुरवली तर “कायदा शहरात” असे म्हणून तंबाखू मळायला घ्यावी.

या शाखेच्या हितचिंतकांनी लॉर्ड डलहौसीला गुरू मानावे, अशी माझी शिफारस आहे. झाशीच्या गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी दामोदररावाला दत्तक घेतले आणि दुसऱ्याच दिवशी ते वारले. डलहौसीला त्या पोराच्या रक्ताची इतकी काळजी लागली की त्याने संस्थानच खालसा केले. साताऱ्याच्या बाबतीत ही काळजी त्याने १८४८ मध्येच घेतली होती. ‘खऱ्या वारसा’बद्दल इतका कळवळा असलेला मनुष्य पुढे आपल्या चुलतकाकांखेरीज मी दुसरा पाहिला नाही. अडचण एवढीच, की आपल्या घरांतल्या भिंतींवर डलहौसीचा फोटो नसतो. तिथे शाहू महाराज असतात. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आला, ते हे. बडोद्याचे सयाजीराव तर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याघरचे. १८७५ मध्ये तीन पोरे निवडीला नेली, त्यांतून हा गोपाळ निवडला. आणि शाळेच्या भिंतीवर जोतीराव–सावित्रीबाई असतात. त्यांनी १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत नाव ठेवले, शिकवून डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई ज्याच्या दवाखान्यात रोगी आणून पोचवत होत्या तो हाच. या तसबिरींना हार घालून, हात धुऊन, मग “रक्त ते रक्तच असतं” हे वाक्य उच्चारावे. क्रम चुकवू नये.

जोडपे तरीही ढळले नाही तर जवळची वाट दाखवावी. “एवढं नाव टाकून बसता कायले, माझ्या ओळखीत एक नर्स आहे.” इथे हितचिंतकाने स्वतःची थोडी काळजी घ्यावी, कारण विनोदाची हद्द इथे संपते. बाल न्याय कायद्यात मूल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपये दंड आहे. दवाखान्यातल्या माणसाने केले तर ३ ते ७ वर्षे. ती वाट दाखवणारा त्या वाटेवर जोडप्याच्या पुढेच चालत असतो.

मग घर पाहायला सरकारी माणूस येतो. याला गृह अध्ययन म्हणतात, ६,००० रुपये फी भरून हे होते, आणि अहवाल ३ वर्षे चालतो. बहुतेक वेळा एखादी बाई येते, सामाजिक कार्यकर्ती. ती विचारते, पैसा किती येतो, पाणी कुठून आणता, दोघांत भांडण झाले तर काय करता, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे मत काय, मुलाला तू दत्तक आहेस हे केव्हा नि कसे सांगाल. प्रश्न बरे आहेत, पण एका दुपारी संपतात. गाव हेच अध्ययन वर्षानुवर्षे, फी न घेता करत आले आहे. म्हणून ती बाई आल्या दिवशी आपण वाटीभर साखर मागायला जावे, तिथेच टेकावे आणि तिला अहवालात उपयोगी पडेल असे काही सांगावे. उदाहरणार्थ, सासूसुनेचे २०१६ साली पोळ्याच्या दिवशी झालेले भांडण. अर्जाला ओळखीच्या दोघांची पत्रे लागतात. दोघांचीच लागतात, म्हणजे उरलेले गाव नाराज होणार, हे कारामधल्या लोकांना सुचले नसावे. पत्र आपल्याकडून मागितले नाही, ही गोष्ट निदान दोन दिवाळ्या लक्षात ठेवावी.

इथून पुढे वाट पाहणे. देशात तीस हजारांहून अधिक अर्जदार रांगेत, आणि २०२४–२५ या वर्षात देशात नि परदेशात मिळून दत्तक गेली ४,५१५ मुले. हाच आकडा तोवरच्या बारा वर्षांतला सर्वांत मोठा. तेव्हा तीन-साडेतीन वर्षे कुठे गेली नाहीत. या काळात त्या घरात जे चालते ते बाहेरून फार कंटाळवाणे दिसते. तो सकाळी मोबाइलवर आपला नंबर किती वर सरकला ते पाहतो. ती पाहत नाही, पण त्याच्या तोंडाकडे बघून ओळखते. बाळाची माहिती आली की ४८ तासांत होकार कळवावा लागतो, म्हणून फोन शेतात नेताना प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेतात आणि रेंज लागणाऱ्या धुऱ्यापासून लांब जात नाहीत. बोलावणे आले तर बैल कोणाकडे सोपवायचे, गाडी कोणाची सांगायची, म्हातारीजवळ कोण थांबणार, हे त्यांचे ठरून जुने झाले आहे. हितचिंतकाने या दिनक्रमात जिवंतपणा आणावा. पोळ्याला विचारावे, “आलं का?” दिवाळीला विचारावे. कार्तिकात लक्ष्मीनारायणाच्या जत्रेला सारा मुलूख जैनथला लोटतो, तेव्हा दर्शनाच्या रांगेत मोठ्याने विचारावे, म्हणजे बेल्याकडच्या पाहुण्यांनाही कळेल. आणि कोणाकडे डोहाळजेवण असले तर तिला बोलवू नये. नंतर “ती आली नाही, तिले पाहावत नसंल” असे चारचौघींत म्हणावे. हे शेवटचे जमायला सराव लागतो, तरी जैनथमध्ये ते जमणाऱ्या बाया पुष्कळ आहेत.

एक चिंता खास आपल्या भागाची आहे. अर्जात कोणत्या राज्यातले मूल हवे ते सांगायची सोय असते, आणि यांनी भलतेच काही निवडले तर? मूल तेलुगू निघाले तर? ही शंका चावडीवर मराठीत काढावी, किराणा दुकानात तेलुगूत आणि बसस्टँडवर दखनीत. समजून घेणारी माणसे तीच असतात. कोणी म्हणेल, दोन महिन्यांच्या बाळाला कसली भाषा? त्याच्याकडे लक्ष देऊ नये. तसे पाहिले तर जैनथ स्वतःच तीनदा दत्तक गेलेले गाव आहे. निजामाच्या घरून १९४८ मध्ये भारताकडे, हैदराबाद राज्य मोडले तेव्हा १९५६ मध्ये आंध्र प्रदेशाकडे, आणि २ जून २०१४ ला तेलंगणाकडे. एकदाही त्याला कोणी विचारले नाही, आणि भाकर-ठेचा त्याने सोडला नाही. इथल्या शिलालेखात ज्या परमार जगद्देवाचे नाव कोरले आहे, तो माळव्याच्या उदयादित्याचा मुलगा. बापाचे राज्य सोडून चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाला आला आणि या मुलखाचा झाला. पण हे सगळे देवळात असते. चावडीवर उपयोगाचे नाही.

शेवटी एक दिवस फोन वाजतो. फोटो, बाळाची माहिती, तब्येतीचा कागद. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून फोटो कोणाला दाखवायचा नसतो. तेव्हा आपण फोटोच मागावा. नाही दाखवला तर “काही तरी व्यंग असंल” अशी समजूत करून घ्यावी आणि ती एकट्याजवळ ठेवू नये. मुलगी असल्याचे कळले तर “मुलगी काऊन घेतली?” हा प्रश्न अनिवार्य आहे. मुलगा असल्याचे कळले तर “मुलगा कोणी कसा सोडला, नीट चौकशी करा.”

बाळ घरी येते, कागद मागून चालत राहतात. पूर्वी कोर्टात जावे लागे. १ सप्टेंबर २०२२ पासून हुकूम जिल्हाधिकारी देतात, म्हणजे सोमवारी प्रजावाणीत आपण ज्यांच्यापुढे रस्त्याची तक्रार घेऊन उभे राहतो तेच. मग नवा जन्मदाखला निघतो, त्यावर आईबाप म्हणून याच दोघांची नावे. यापुढची दोन वर्षे दर सहा महिन्यांनी सरकारी माणूस बाळाची खुशाली पाहून जातो आणि त्यानंतर यायचे थांबतो. आपण थांबू नये. पण पहिल्या आठवड्यात एक काम तातडीचे आहे. ज्या काकूने तीन वर्षे रक्ताचा विषय लावून धरला तिने सर्वांत आधी जावे, बाळाला मांडीवर घ्यावे, उजेडाकडे धरावे आणि सांगावे, “नाक पाहा बरं, अस्सं आज्यावर गेलं.” आजा खुश होईल. कोणी हसू नये.

बारशाला मात्र वेळेआधी जाऊन पुढची जागा धरावी. एवढे गाव लोटल्यावर घुगऱ्या पुरत नाहीत.